व्हॉल्टमध्ये सिक्रेट्स कशी साठतात, आणि ती एकमेकांपासून वेगळी कशी ठेवायची

मध्यम आकाराच्या कुठल्याही कंपनीत डेटाबेसचा पासवर्ड शोधायला निघालात तर तो एकाच ठिकाणी सापडत नाही. सर्व्हरवरच्या एन्व्ह फाइलमध्ये असतो, सीआय पाइपलाइनच्या (कोड आपोआप तपासून सर्व्हरवर चढवणाऱ्या यंत्रणेच्या) सेटिंगमध्ये असतो, टीमच्या चॅटमध्ये कुणीतरी कधीतरी पेस्ट केलेला असतो. गिटमधून काढून टाकला तरी जुन्या कमिटमध्ये तसाच बसलेला असतो. तो कोणी वाचला हे कळायला मार्ग नसतो. बदलायचा म्हटलं तर काय काय बंद पडेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं बदललाही जात नाही.

या दुखण्यावर सिक्रेट्स मॅनेजमेंटची, म्हणजे पासवर्ड, टोकन, किल्ल्या अशी गुप्त माहिती (‘सिक्रेट्स’) सांभाळणारी सॉफ्टवेअर्स आली. इथे आपण हाशीकॉर्प व्हॉल्ट घेऊ. ते २०१५ मध्ये बाहेर आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने लायसन्स बदललं आणि त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनबाओ हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेली स्वतंत्र आवृत्ती) निघाला. खालचं जवळजवळ सगळं त्यालाही लागू पडतं, फक्त कमांडच्या सुरुवातीला ‘व्हॉल्ट’च्या जागी ‘बाओ’ येतं.

एन्क्रिप्शन व्हॉल्ट स्वतः चोख करतं, तिथे तुम्हाला चुकायला फारशी जागा नाही. खऱ्या चुका दोन ठिकाणी होतात: किल्ल्या कोणाच्या हाती दिल्या, आणि कोणाला कुठल्या पाथवर (सिक्रेटच्या पत्त्यावर) जाऊ दिलं. म्हणून यापुढचा बराचसा भर या दोन गोष्टींवर आहे.

डिस्कवर नक्की काय जातं

व्हॉल्ट स्वतःच्या स्टोरेजवर विश्वास ठेवत नाही. डिस्ककडे जाणारी प्रत्येक नोंद आधी ‘बॅरिअर’ नावाच्या थरातून जाते आणि तिथे ती २५६ बिटांच्या एईएस-जीसीएम या पद्धतीने एन्क्रिप्ट होते. डिस्कवर उतरणाऱ्या नोंदीत सुरुवातीचे ४ बाइट किल्लीचा अनुक्रमांक सांगतात, पुढचा १ बाइट फॉरमॅटची आवृत्ती, त्यापुढचे १२ बाइट त्या नोंदीपुरता काढलेला रँडम नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा). मग एन्क्रिप्ट झालेला मजकूर, आणि शेवटी १६ बाइटांचा टॅग. वाचताना टॅग जुळला नाही तर व्हॉल्ट ती नोंद नाकारतं, म्हणजे कोणी डिस्कवर एक बिट जरी फिरवला तरी ते पकडलं जातं.

टॅग काढताना नोंदीचा पाथही हिशोबात धरलेला असतो. त्यामुळे डिस्कपर्यंत पोचलेला माणूस एका पाथवरची एन्क्रिप्टेड नोंद उचलून दुसऱ्या पाथवर चिकटवू शकत नाही, ती तिथे उघडतच नाही. मात्र त्याच पाथवर त्याच नोंदीची जुनी प्रत परत ठेवणं किंवा नोंद पुसून टाकणं त्याला शक्य असतं. स्टोरेजवर पूर्ण ताबा असलेल्या माणसापासून बचाव करण्याचा दावा व्हॉल्ट करत नाही. चालू असलेल्या व्हॉल्टची मेमरी वाचू शकणाऱ्यापासूनही नाही. म्हणून व्हॉल्टच्या सर्व्हरवर रूट कोणाला आहे ही यादी जितकी छोटी तितकं बरं. त्या सर्व्हरवर दुसरं काहीही चालवू नका, कोअर डंप (प्रोग्राम कोसळल्यावर त्याची मेमरी फाइलमध्ये लिहिली जाणं) बंद ठेवा.

किल्ल्यांची साखळी

नोंदी ज्या किल्लीने एन्क्रिप्ट होतात ती ‘कीरिंग’मध्ये असते. कीरिंग रूट किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असते आणि रूट किल्ली अनसील किल्लीने. व्हॉल्ट सुरू होताना बंद, म्हणजे ‘सील’ असतं, ते या किल्लीने उघडतं. ही अनसील किल्ली मात्र कुठेच अख्खी साठवलेली नसते. अदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने तिचे तुकडे केले जातात. काही सांगितलं नाही तर व्हॉल्ट ५ तुकडे करतं आणि उघडायला त्यांपैकी कोणतेही ३ (हा ‘उंबरठा’) मागतं.

तीन कुलपं लावलेल्या दानपेटीसारखं हे वाटतं, पण एक मोठा फरक आहे. पेटीच्या दोन किल्ल्या चोराला मिळाल्या तर त्याची दोन कुलपं उघडतात आणि काम एका कुलपावर येतं. शमीरच्या पद्धतीत दोन तुकडे हाती असलेल्याला मूळ किल्लीबद्दल काहीही कळत नाही, तो शून्य तुकडे असलेल्याइतकाच अंधारात असतो. किल्लीच्या प्रत्येक बाइटसाठी एक बहुपदी घेतात, उंबरठा ३ असेल तर ती द्विघाती असते, आणि द्विघाती वक्र ठरवायला तीन बिंदू लागतातच. दोन बिंदूंतून अनेक वक्र जातात.

याच गणितामुळे एक अडचणही येते. तुकडा टाकताना एखादं अक्षर चुकलं तर कोणाचा तुकडा चुकला हे व्हॉल्टला सांगता येत नाही. तिन्ही तुकडे जोडून किल्ली लागली नाही, एवढंच त्याला कळतं. मग आतापर्यंत भरलेलं रद्द करून तिघांनी पुन्हा पहिल्यापासून टाकायचं.

सुरुवात कशी करायची

डेव्ह मोडमध्ये व्हॉल्ट चटकन चालू होतं, पण त्यात सगळं मेमरीत राहतं, बंद केलं की जातं, आणि रूट टोकन (सगळे अधिकार देणारा प्रवेशपास) स्क्रीनवर छापलेलं असतं. शिकायला उत्तम, बाकी कशालाही नाही.

खऱ्या वापरासाठी स्टोरेज म्हणून व्हॉल्टचं स्वतःचं राफ्ट स्टोरेज (अनेक सर्व्हरवर डेटाच्या प्रती ठेवणारं) घ्या. ३ सर्व्हर घेतले तर १ पडला तरी काम चालतं, ५ घेतले तर २ पडले तरी. ४ घेऊन काही मिळत नाही, कारण बहुमताला तिथेही ३ लागतात. सर्व्हर वेगवेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (क्लाउडच्या वेगवेगळ्या डेटा सेंटरांत) ठेवा. बाहेरून येणाऱ्यांसाठी ८२०० हा पोर्ट असतो आणि सर्व्हरांच्या आपापसातल्या बोलण्यासाठी ८२०१, तो बाहेर उघडू नका. टीएलएस (नेटवर्कवरचं एन्क्रिप्शन) लोड बॅलन्सरवर (रिक्वेस्ट्स सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेवर) सोडवून आत साध्या एचटीटीपीने पाठवण्याचा मोह होतो. तसं केलंत तर प्रत्येक सिक्रेट तुमच्या आतल्या नेटवर्कवर उघडं फिरेल. टीएलएस थेट व्हॉल्टपर्यंत न्या.

आता मेमरीचा प्रश्न. सिक्रेट्स स्वॅपमधून (रॅम कमी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेतून) डिस्कवर जाऊ नयेत म्हणून व्हॉल्ट एमलॉक (डेटा रॅममध्येच धरून ठेवण्याची सोय) वापरतं. पण राफ्टची फाइल मेमरीत मॅप केलेली असते, आणि एमलॉक चालू ठेवलं तर ती अख्खीच्या अख्खी रॅममध्ये ओढली जाते. डेटा वाढला की सर्व्हरची रॅम संपते. म्हणून राफ्टबरोबर एमलॉक बंद करायचं आणि त्या सर्व्हरचा स्वॅपही पूर्ण बंद करायचा. या दोन्ही गोष्टी एकत्रच करायच्या असतात. नुसतं एमलॉक बंद करून स्वॅप चालू ठेवला तर जे टाळायचं होतं तेच ओढवून घेतलं.

मग ‘व्हॉल्ट ऑपरेटर इनिट’, म्हणजे व्हॉल्ट पहिल्यांदा तयार करण्याची कमांड. ही कमांड साधी चालवली तर पाचही तुकडे आणि रूट टोकन एकाच माणसाच्या स्क्रीनवर येतात, म्हणजे तुकडे करण्यामागचा हेतूच त्या क्षणी संपतो. त्याऐवजी असं करा:

१. तुकडे ज्यांच्याकडे जाणार त्या पाच जणांनी आपापल्या मशीनवर पीजीपी किल्ल्यांची जोडी (सार्वजनिक किल्लीने कुलूप लागतं, खासगीने उघडतं) तयार करावी आणि फक्त सार्वजनिक किल्लीची फाइल पाठवावी.

२. इनिट करताना तुकडे ५, उंबरठा ३ असं द्या आणि पीजीपी किल्ल्यांचा पर्याय वापरून पाचही फाइल्स क्रमाने द्या. रूट टोकनसाठी वेगळी पीजीपी किल्ली देता येते, तीही द्या.

३. बाहेर येणारे तुकडे आता एन्क्रिप्टेड असतील. ज्या क्रमाने किल्ल्या दिल्या त्याच क्रमाने ते येतात. ज्याचा त्याला पाठवा.

४. प्रत्येकाने तो स्वतःच्या खासगी किल्लीने उघडून पाहावा. हे इनिटच्या दिवशीच करून घ्या. सहा महिन्यांनी रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर ‘माझी खासगी किल्ली जुन्या लॅपटॉपवर होती’ हे ऐकण्याची वेळ यायला नको.

५. तिघांनी आपापले तुकडे देऊन व्हॉल्ट उघडावं. हे प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्रपणे करावं लागतं: तीन सर्व्हर, प्रत्येकी तीन तुकडे.

उंबरठा ५ पैकी ५ ठेवणं कडक सुरक्षेसारखं दिसतं, पण एक तुकडा हरवला की सगळा डेटा कायमचा गेला. व्हॉल्ट बनवणारेही तो परत आणू शकत नाहीत. ५ पैकी ३ मध्ये दोन हरवले तरी निभावतं. पाचही जणांचे तुकडे कंपनीच्या एकाच पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवू नका, आणि तुकडा ज्याच्याकडे आहे तो माणूस नोकरी सोडून गेला की ‘रीकी’ करून नवे तुकडे काढा.

रीकी आणि रोटेट यांची गल्लत बरेच जण करतात. रीकीमध्ये अनसील किल्लीचे तुकडे बदलतात आणि त्यासाठी उंबरठ्याइतके लोक लागतात. रोटेटमध्ये कीरिंगमध्ये नवी किल्ली येते. पुढच्या नोंदी तिने लिहिल्या जातात आणि जुन्या नोंदी जुन्या किल्लीने वाचल्या जातात. नोंदीच्या सुरुवातीचे ते ४ बाइट इथे कामाला येतात. रँडम नॉन्स वापरताना जीसीएमच्या एका किल्लीने २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटींपेक्षा जास्त वेळा एन्क्रिप्ट करू नये अशी मर्यादा आहे. व्हॉल्ट ती गाठण्याआधी स्वतःच रोटेट करतं.

ऑटो-अनसील

दर रीस्टार्टला तीन माणसं गोळा करणं जमत नसेल तर अनसीलचं काम क्लाउडच्या केएमएसवर (किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेवर) सोपवता येतं. मग तुकडे मिळतात त्यांना ‘रिकव्हरी किल्ल्या’ म्हणतात. नावावर जाऊ नका. त्यांनी नवं रूट टोकन काढता येतं, पण व्हॉल्ट उघडता येत नाही. केएमएसमधली किल्ली गेली तर व्हॉल्ट गेलं, आणि बॅकअपही गेले, कारण तेही त्याच किल्लीवर अवलंबून असतात. एडब्ल्यूएसमध्ये किल्ली डिलीट करायला टाकली की ७ ते ३० दिवसांची मुदत मिळते, काही सांगितलं नाही तर ३०. ती डिलीट करण्याची परवानगी रोजच्या ॲडमिन रोलमधून काढून टाका आणि डिलीटची विनंती झाली तर लगेच कळेल असा अलर्ट लावा. केएमएसची किल्ली त्याच क्लाउड अकाउंटमध्ये, त्याच ॲडमिनच्या हातात असेल तर तीन माणसांचं बंधन तुम्ही एका माणसावर आणलेलं असतं. शक्य असेल तर ती वेगळ्या अकाउंटमध्ये ठेवा.

सिक्रेट्स एकमेकांपासून वेगळी कशी राहतात

व्हॉल्टमध्ये सगळं पाथवर चालतं. एखादं सिक्रेट इंजिन (सिक्रेट्स साठवणारा किंवा तयार करणारा भाग) तुम्ही एखाद्या पाथवर चालू (‘माउंट’) करता तेव्हा त्या माउंटसाठी एक रँडम यूयूआयडी (ओळखक्रमांक) तयार होतो. ते इंजिन स्टोरेजमध्ये जे काही लिहितं ते त्या यूयूआयडीच्या खालीच जातं. स्टोरेजमध्ये ‘एक पायरी वर जा’ असं म्हणायची सोयच नसल्यामुळे एका इंजिनला दुसऱ्याचा डेटा दिसू शकत नाही, अगदी त्या इंजिनच्या कोडमध्ये दोष असला तरी. माउंट काढून टाकलं की त्याखालचा सगळा डेटा पुसला जातो आणि त्याची सगळी लीजेस (ठरावीक मुदतीसाठी दिलेली सिक्रेट्स) रद्द होतात. तिथून मागे फिरता येत नाही, म्हणून माउंट काढण्याचा अधिकार मोजक्या हातांत ठेवा.

यावरून मांडणीचा नियम निघतो: एकाच मोठ्या केव्ही (नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्या साठवणाऱ्या) माउंटमध्ये सगळ्या टीम्सची सिक्रेट्स कोंबण्यापेक्षा प्रत्येक टीमला, आणि प्रॉडक्शन आणि टेस्टिंगला, वेगळं माउंट द्या. मग पॉलिसी (कोणाला काय करता येईल याचे नियम) लिहिताना एखादी चूक झाली तरी तिचं नुकसान त्या माउंटपुरतं राहतं. त्याहून कडक भिंत हवी असेल तर नेमस्पेस (एकाच व्हॉल्टमधले स्वतंत्र कप्पे) आहेत. व्हॉल्टमध्ये त्या पैसे भरून घेतलेल्या एंटरप्राइझ आवृत्तीतच मिळतात.

यूयूआयडी इंजिनांना एकमेकांपासून तोडतो. माणसांना आणि ॲप्सना तोडण्याचं काम पॉलिसीचं. पॉलिसीत नसलेलं सगळं बंद, इथून सुरुवात होते. पाथ द्यायचा आणि त्यावर काय करता येईल ते सांगायचं: क्रिएट, रीड, अपडेट, पॅच, डिलीट, लिस्ट, सुडो किंवा डिनाय. सोपं दिसतं, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नेहमीची कारणं अशी.

केव्हीच्या दुसऱ्या आवृत्तीत माउंटच्या नावानंतर एक जास्तीचा शब्द येतो. ‘पेमेंट’ माउंटमधलं ‘डीबी’ हे सिक्रेट कमांडने वाचताना तुम्ही ‘पेमेंट/डीबी’ लिहिता, पण एपीआयचा खरा पाथ ‘पेमेंट/डेटा/डीबी’ असतो. कमांड तो शब्द स्वतः घालते, पॉलिसी घालत नाही. त्यामुळे पॉलिसीत ‘पेमेंट/डीबी’ लिहिलं की ४०३ (परवानगी नाही) येतो आणि माणूस तासभर टोकन तपासत बसतो. वाचायला ‘डेटा’, यादी बघायला ‘मेटाडेटा’, एखादी आवृत्ती कायमची नष्ट करायला ‘डिस्ट्रॉय’, असे पाथ वेगवेगळे आहेत. एका अर्थी ही सोयच आहे: वाचण्याचा अधिकार देऊन नष्ट करण्याचा न देणं सोपं जातं.

तारा चिन्ह फक्त पाथच्या शेवटी चालतं. ‘पेमेंट’नंतर थेट तारा दिला तर ‘पेमेंट-टेस्ट’ आणि ‘पेमेंट-जुनं’ हेही त्यात येतात. तिरकी रेघ देऊन मग तारा दिला तरच आतलं तेवढं. मधला एक टप्पा मोकळा ठेवायचा असेल तर अधिक चिन्ह वापरा.

एका टोकनला दोन-तीन पॉलिसी असतील तर सगळ्यात नेमका जुळणारा पाथ जिंकतो. तोच पाथ दोन पॉलिसींत असेल तर अधिकारांची बेरीज होते, पण त्यात कुठे डिनाय असेल तर तो सगळ्यांवर भारी पडतो. म्हणजे एका पॉलिसीत तारा देऊन रीड आणि अपडेट दिलं आणि दुसरीत त्यातल्याच एका नेमक्या पाथला फक्त रीड दिलं, तर त्या पाथवर अपडेट चालणार नाही. ‘कालपर्यंत चालत होतं’ ही तक्रार बरेचदा अशा नव्या पॉलिसीमुळे येते.

आणि लिस्ट. यादी दाखवताना व्हॉल्ट आतल्या नावांना पॉलिसीची चाळणी लावत नाही. लिस्टचा अधिकार असलेल्याला त्या पातळीवरची सगळी नावं दिसतात, वाचता येवोत न येवोत. म्हणून सिक्रेटच्या नावात ग्राहकाचं नाव, खातेक्रमांक, फोन नंबर असलं काही घालू नका. नाव हे उघडंच आहे असं धरून चाला.

रोजच्या वापरातल्या खाचा

कमांडवर पासवर्ड थेट टाइप केला तर तो शेलच्या हिस्टरीत राहतो. व्हॅल्यूच्या जागी फक्त आडवी रेघ द्या म्हणजे व्हॉल्ट ती स्टँडर्ड इनपुटमधून घेतं, किंवा ॲट चिन्ह लावून फाइलचं नाव द्या आणि मग ती फाइल काढून टाका.

‘केव्ही पुट’ ही कमांड त्या सिक्रेटमधली सगळी फील्ड्स नव्याने लिहिते. यूजरनेम, पासवर्ड, होस्ट अशी तीन फील्ड्स असताना फक्त पासवर्ड पुट केला तर नव्या आवृत्तीत तेवढाच उरतो आणि ॲप कोसळतं. एक फील्ड बदलायला ‘केव्ही पॅच’ वापरा. जुन्या आवृत्त्या राहतात, आपोआप १०, त्यामुळे मागे जाता येतं. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की फुटलेला पासवर्ड बदलल्यावरही जुन्या आवृत्तीत तो वाचता येतो. ‘डिलीट’ नुसतं झाकतं, परत आणता येतं. खरोखर घालवायचं असेल तर ‘डिस्ट्रॉय’.

लॉगिन केल्यावर कमांड टोकन तुमच्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये साध्या मजकुरात ठेवते. म्हणून लोकांच्या टोकनची मुदत एका कामाच्या दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, आणि सुरुवातीची मांडणी झाली की रूट टोकन रद्द करा. पुन्हा लागलंच तर उंबरठ्याइतके तुकडे जमवून नवं काढता येतं.

ॲपला पहिली किल्ली कशी द्यायची

सगळी सिक्रेट्स व्हॉल्टमध्ये गेली, पण व्हॉल्टमध्ये शिरायला ॲपला काहीतरी लागणारच. कुबरनेटीस (अनेक सर्व्हरांवर ॲप्स चालवणारी प्रणाली) किंवा क्लाउडवर असाल तर प्लॅटफॉर्मने दिलेली ओळख वापरा, वेगळा पासवर्डच लागत नाही. फक्त व्हॉल्टमधला रोल बांधताना कुबरनेटीसचं सर्व्हिस अकाउंट आणि कुबरनेटीसची नेमस्पेस दोन्ही नावानिशी लिहा. दोन्हीकडे तारा टाकला तर क्लस्टरमधला कोणताही पॉड (चालू असलेलं कुठलंही ॲप) ते सिक्रेट घेऊन जाईल.

ज्यांना अशी ओळख नाही त्यांच्यासाठी ॲपरोल आहे. रोल आयडी यूजरनेमसारखा आणि सिक्रेट आयडी पासवर्डसारखा. सिक्रेट आयडी एकदाच वापरता येईल असा ठेवा, मुदत १० मिनिटांच्या आसपास, आणि कुठल्या आयपींवरून चालेल तेही बांधून टाका. दोन्ही एकाच पाइपलाइनमधून, एकाच फाइलमध्ये देऊ नका.

सिक्रेट आयडी पोचवायला रॅपिंग वापरा. पाइपलाइन सिक्रेट आयडी मागताना रॅपची मुदत देते, समजा १२० सेकंद. तिला सिक्रेट आयडी मिळतच नाही, एक रॅप टोकन मिळतं. खरा सिक्रेट आयडी त्या टोकनच्या ‘कबीहोल’मध्ये बसलेला असतो. कबीहोल ही प्रत्येक टोकनची खासगी जागा आहे, तिथे दुसऱ्या टोकनला, रूटलाही, डोकावता येत नाही, आणि टोकन संपलं की ती पुसली जाते. ॲप रॅप टोकन देऊन सिक्रेट आयडी काढून घेतं. हे एकदाच होतं. ॲपला ‘हे टोकन वैध नाही किंवा अस्तित्वात नाही’ असं उत्तर आलं तर एकतर मुदत संपली आहे, नाहीतर मध्ये कोणीतरी ते उघडलं आहे. अशा वेळी ॲपने पुन्हा प्रयत्न करत बसू नये, अलर्ट पाठवावा. उघडण्याआधी ‘रॅपिंग लुकअप’ने ते टोकन कोणत्या पाथवरून तयार झालं हेही तपासा. नाहीतर चोर मूळ टोकन उघडून, स्वतःचं काहीतरी पुन्हा गुंडाळून पुढे देऊ शकतो.

साठवायचंच नाही असं सिक्रेट

डेटाबेस इंजिन वापरलं तर ॲपला कायमचा पासवर्ड नसतोच. ॲप मागतं तेव्हा व्हॉल्ट पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नवा यूजर तयार करतं, समजा १ तासाचं लीज देतं आणि लीज संपलं की यूजर काढून टाकतं. यासाठी व्हॉल्टला स्वतःचं वेगळं ॲडमिन अकाउंट द्या. ‘रोटेट रूट’ केल्यावर त्या अकाउंटचा पासवर्ड फक्त व्हॉल्टला माहीत राहतो. डीबीए (डेटाबेसचा ॲडमिन) रोज वापरतो तेच अकाउंट दिलंत तर त्या क्षणी डीबीए बाहेर राहील.

इथे हमखास येणाऱ्या अडचणी दोन. तात्पुरत्या यूजरने टेबल तयार केलं तर तो त्या टेबलाचा मालक होतो, आणि मालकाला पोस्टग्रेस काढू देत नाही. लीज रद्द होत नाही, व्हॉल्ट काही वेळा पुन्हा प्रयत्न करतं आणि मग ते ‘रद्द न होणारं’ लीज म्हणून तसंच पडून राहतं. मायग्रेशनसाठी (टेबलांची रचना बदलण्यासाठी) वेगळा, कायमचा मालक-रोल ठेवा. दुसरी अडचण कनेक्शन पूलची (उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरलेल्या कनेक्शनांची): पूलमधल्या कनेक्शनचं कमाल आयुष्य लीजपेक्षा कमी ठेवा, नाहीतर दर तासाला काही रिक्वेस्ट्स विनाकारण पडतात.

लीजेसचा ढीग साचणं हे व्हॉल्ट बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण आहे. टोकनची मुदत न ठरवता सोडली तर ती ७६८ तास, म्हणजे ३२ दिवस असते. एखादं ॲप प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने लॉगिन करत असेल, सेकंदाला फक्त १० वेळा, तर दिवसाला ८ लाख ६४ हजार टोकन्स होतात आणि ३२ दिवसांत पावणेतीन कोटींच्या वर. ती सगळी स्टोरेजमध्ये. लॉगिन माउंटची मुदत ट्यून करून मिनिटांत आणा, आणि टोकन सांभाळून पुन्हा वापरण्याचं काम व्हॉल्ट एजंटला (ॲपशेजारी चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रामला) द्या.

ऑडिट

ऑडिट डिव्हाइस (लॉग लिहिण्याचं ठिकाण) चालू केलं की जवळजवळ प्रत्येक विनंती आणि उत्तर नोंदलं जातं. मजकूर असलेल्या व्हॅल्यू एचएमएसीने (मूळ मजकूर परत काढता येत नाही अशा ठशाने) झाकल्या जातात, पण आकडे आणि हो-नाही प्रकारच्या व्हॅल्यू झाकल्या जात नाहीत. म्हणून पिन किंवा ओटीपीसारखा आकडा केव्हीत ठेवताना अवतरणात, मजकूर म्हणून ठेवा.

ऑडिट लिहिता आलं नाही तर व्हॉल्ट उत्तर देत नाही. एकच फाइल डिव्हाइस असेल आणि ती डिस्क भरली तर सगळ्या कंपनीचं काम थांबतं. दोन डिव्हाइस ठेवा, एक फाइल आणि एक सिसलॉग (सिस्टिमचा लॉग) किंवा सॉकेट (नेटवर्क कनेक्शन). त्यांपैकी एकावर लिहिलं गेलं तरी चालतं. फाइलसाठी वेगळं पार्टिशन, आणि लॉग फिरवल्यावर व्हॉल्टला हँगअप सिग्नल, नाहीतर ते जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतं. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. कोणत्या टोकनने कोणतं सिक्रेट कधी वाचलं हे त्या सहा तासांत सांगता यायला हवं असेल, तर हे लॉग शोधता येतील अशा ठिकाणी आधीच पाठवून ठेवावे लागतात.

बॅकअप

‘राफ्ट स्नॅपशॉट सेव्ह’ने बॅकअप निघतो. तो बॅरिअरच्या आतला, एन्क्रिप्टेडच असतो, आणि ज्या वेळी घेतला त्या वेळच्या अनसील तुकड्यांनीच उघडतो. दर तिमाहीत तो एका रिकाम्या क्लस्टरवर फोर्सचा पर्याय देऊन परत भरून पाहा. भरल्यावर क्लस्टर सील होतं आणि मूळ क्लस्टरचे तुकडे मागतं, नव्याचे चालत नाहीत.

हा सराव करताना त्या क्लस्टरचं नेटवर्क प्रॉडक्शनपासून पूर्ण तोडा. स्नॅपशॉटमध्ये जुनी लीजेस असतात. व्हॉल्ट उघडताच त्यातली मुदत संपलेली लीजेस ते रद्द करायला घेतं, आणि डेटाबेसपर्यंत वाट मोकळी असेल तर ते खऱ्या डेटाबेसवर जाऊन खरे यूजर काढून टाकतं. ज्यांची मुदत खऱ्या क्लस्टरने मधल्या काळात वाढवली होती, तेही त्यात जातात.

रीकी केल्यावर लगेच नवा स्नॅपशॉट घ्या. जुने तुकडे त्या दिवशी फाडू नका. जुन्या तुकड्यांच्या काळातला शेवटचा स्नॅपशॉट तुमच्या बॅकअपमधून पुसला गेला की मगच ते नष्ट करा.